दादा धुऱ्यावर थांबायचा

परवा शाळेतून येऊन चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच दादाचा फोन. हा माणूस फोनवर कधी हॅलो म्हणत नाही, कशी आहेस म्हणून विचारत नाही. "हुरडा आलाय," म्हणाला. मग जरा दम घेऊन, "येताना गूळ आन. हितला गूळ नुस्ता खारट लागायलाय." आणि ठेवून दिला फोन. बंद झालेल्या फोनला मी "हो" म्हणाले. नंतर चहा पिताना लक्षात आलं, दादा चालता चालता बोलत होता. त्याच्या शब्दांच्या मागे पायाखाली ढेकळं फुटल्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता. दुसऱ्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. मी मात्र कप खाली ठेवला आणि डोळे पुसले.

परभणीत कडाक्याची थंडी पडते म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे हसतात. त्यांना आमचा उन्हाळा तेवढा ऐकून माहीत. त्यांनी एकदा पौषात सकाळच्या पहिल्या एसटीने पालमला जावं, खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली असावी आणि पायात नुसती चप्पल असावी. मग काय बोलायचं ते बोलावं. आमची थंडी कोरडी. ती अंगाला उशिरा कळते, आधी पायाच्या बोटांना कळते. बसमध्ये सगळे पाय वर घेऊन, शाल गुडघ्याखाली खोचून बसलेले असतात. कंडक्टरसुद्धा तिकीट देता देता एका पायाने दुसरा पाय घासत असतो.

लहानपणी हे दिवस म्हणजे निव्वळ तोंडाचे दिवस होते. ज्वारीच्या कणसात दूध भरायचं, दाणा हिरवा-कोवळा व्हायचा, आणि रानात एक हातभर खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. या खड्ड्याला आम्ही आगटी म्हणतो. धूर ओसरला, निखारा फुलला की त्यात कणसं खोचायची. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की हिरवे दाणे गरम गरम खाली पडतात. तळहात लाल होतात, त्याचं काही वाटत नाही. तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, निखाऱ्यात भाजलेलं वांगं, आणि गूळ. भोवती तुरीच्या वाळत आलेल्या शेंगांचा खुळखुळाट, दवाने ओली झालेली पानं हाताला कापत जायची. लग्न होऊन परभणीला आले, शिक्षिका झाले, केस पिकायला लागले, तरी हुरड्याला माहेरी जायचं मी कधी चुकवलं नाही. दिवाळीला एखादवेळी नाही जमलं, हुरड्याला जमवलंच. वहिनी म्हणते, "ताई, तुमी आमाला भेटाया येत न्हाईत, तुमी ज्वारीला भेटाया येता." आहेच तसं थोडं.

पण अलीकडे हा मोसम माझ्यापुरता तोंडाचा राहिलेला नाही. आता मी पाय बघते. बसमध्ये, शाळेत, लग्नाच्या पंगतीत. कुणी जिना चढताना मध्येच उभं राहून भिंतीवरचं कॅलेंडर निरखू लागलं की माझं लक्ष त्याच्या पोटरीकडे जातं. आमचे हे वैतागतात. "लोकांच्या पायाकडं काय बघायलीस सारखी? चप्पल हरवली का तुझी?"

काही वर्षांपूर्वीच्या हुरड्याची गोष्ट आहे.

फाट्यावर एसटीतून उतरलं की आमचं गाव जवळच. पण रान लांब आहे. गावाबाहेर बौद्धविहाराच्या पुढून एक गाडीवाट निघते, ती काळ्या मातीतून वळणं घेत घेत आमच्या वावरापर्यंत जाते. त्या वाटेने दादाबरोबर चालणं हा एक सोहळाच असायचा, कारण दादा थांबत थांबत चालायचा. दोन शेतांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. पहिला धुरा आला की हा उभा. शेजाऱ्याच्या ज्वारीकडे बघायचा, कणसाला हात लावायचा, "यंदा दाना चांगला भरलाय" म्हणायचा. मग पुढचा धुरा. तिथे तूर बघायची. वाटेत कुणी भेटलं, "जयभीम दादा" म्हणालं, की झालंच. त्याच्या म्हशीपासून त्याच्या मावशीच्या मोतीबिंदूपर्यंत सगळी चौकशी करायचा. समोरच्या माणसाला घाई असायची, दादाला नसायची. वहिनी डोक्यावर पाटी घेऊन पुढे निघून जायची आणि जाता जाता टोमणा टाकायची, "ह्यांना रानात पोचायचंच नसतंय. ह्यांना नुस्ती लोकाच्या ज्वारीची पाहनी करायची असती."

आणि मला कोण कौतुक. मी आमच्या शाळेत, शेजारणींत सांगत सुटायचे की आमचा दादा ज्वारीच्या ताटाताटाची विचारपूस करतो. शहरात राहून राहून असं काहीतरी सांगायला आपल्याला बरं वाटतं. पन्नाशी ओलांडलेला, धट्टाकट्टा माणूस, एका हाताने पोतं उचलणारा. तो धुऱ्यावर उभा राहिला तर पिकाच्या मायेनेच राहिला असणार, दुसरं काय?

त्या वर्षी मात्र वाटेवरचं एक वावर रिकामं होतं. सोयाबीन काढून झालं होतं आणि मालकाने पुढे काही पेरलं नव्हतं. नुसती काळी, भेगाळलेली जमीन. धसकटंसुद्धा वेचून नेलेली. दादा त्या रानाच्या धुऱ्यावर आला आणि थांबला. तोंड रानाकडे, हात कमरेवर, आणि अगदी लक्ष देऊन बघतोय.

"काय बघायलास?" मी विचारलं.

"रान."

"त्यात काय हाय?"

"आसंच," तो म्हणाला. कपाळावर घाम होता. एवढ्या थंडीत, सकाळच्या वेळी. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने तोंड आणखी वळवलं. थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा चालीने पुढे निघाला. माझ्या मनात काहीतरी टोचलं, पण काय टोचलं ते कळलं नाही. पुढे वहिनीने आगटी पेटवली होती, धुराचा वास आला आणि मी तिकडे धावले. चाळिशी उलटली तरी हुरड्याच्या वासाने धावायचं वय जात नाही.

आगटीभोवती आम्ही तिघं. दादा नेहमीप्रमाणे कणसं भाजायला. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि उजवा पाय खड्ड्याच्या काठाला लावून बसला होता. हे त्याचं दोन-तीन वर्षांपासून चालू होतं, सगळ्यांत आधी विस्तवाजवळ सरकून उजवा पाय शेकायचा. गप्पा चालल्या होत्या. कुणाच्या पोराचं लग्न ठरलंय, कुणी ट्रॅक्टर घेतला. मला करपल्याचा वास आला. "दादा, कणीस करपायलंय," मी म्हणाले. त्याने कणीस फिरवलं. वास गेला नाही. तो कणसाचा नव्हताच. काठावरून एक फुटकी, लाल झालेली गोवरी घसरून त्याच्या टाचेला येऊन टेकली होती आणि दादा शांतपणे माझ्या हातावर दाणे चोळत होता.

मी त्याचा पाय धरून ओढला. वहिनीने तांब्यातलं पाणी ओतलं. दादा टाचेकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाची तरी टाच आपल्याला दाखवायला आणली आहे, अशा नजरेने तो बघत होता. त्याच्या तोंडावर कळ नव्हती. एवढं भाजून माणसाला कळ येत नाही, याची मला जी भीती वाटली ती आजही गेलेली नाही.

मग तो पाय मी पहिल्यांदा नीट बघितला. नडगीवर एक केस नाही, कातडी ताणलेली आणि चकाकणारी. नखं जाड, पिवळी. करंगळीचा रंग जांभळट. शेजारी डावा पाय होता, साधा, केसाळ, शेतकऱ्याचा पाय. तळव्यावर आणखी एक-दोन काळपट डाग दिसले. मी वहिनीकडे बघितलं. तिचं तोंड पडलं. "रोज सांजच्याला वीट तापवून, फडक्यात गुंडाळून देते म्या," ती म्हणाली. "पाय लय गार पडतो म्हनतेत. विटंबिगर झोपच येत न्हाई त्यांना." बिचारीने किती मायेने विटा तापवल्या असतील. आमच्याकडे दुखण्याला पहिला इलाज शेक. कंबर दुखली शेक, गुडघा दुखला शेक. शेकाने कुणाचं वाईट होईल हे कुणाच्या स्वप्नात येणार? पण ज्या पायाला गरम कळतच नाही त्याला शेक देणं म्हणजे आंधळ्याला विहिरीच्या काठावर बसवणं, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

"किती दिवसांपासून आहे हे?" मी विचारलं, माझ्या शाळेतल्या आवाजात. दादाने एक चप्पल जवळ ओढून घेतली.

"वात हाय," तो शेवटी म्हणाला. "थंडीचं हुतंय आसं. वय झालं की आता."

वय झालं. या दोन शब्दांच्या आड माणूस काय काय लपवतो. चाळिशीनंतर आपण चष्मा लावतो, केस रंगवतो, पोट आत ओढून फोटो काढतो. पायाकडे कोण बघतं? ते तिकडे खाली, सगळ्यांत लांब. जोवर उचलून टाकता येतायत तोवर त्यांची आठवण येत नाही. आणि दुखायला लागले की आपल्याकडे कारणं तयारच असतात. उभं राहून काम, थंडी, वात, नस दबली, चप्पल चावते. मीसुद्धा फळ्यासमोर दिवसभर उभी असते आणि घरी येऊन पाय चोळत स्वतःला असंच काहीबाही सांगत असते.

पण दादाने हे दुखणं लपवलं त्याचं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमचे आबा, म्हणजे वडील, शेवटच्या वर्षांत बाजेवर बसायचे ते एक पाय खाली सोडून. झोपायचे तरी तो पाय बाजेखाली लोंबत असायचा. लोक हसून म्हणायचे, आबा झोपेतसुद्धा रानात निघालेत. पाय खाली सोडला की जरा बरं वाटतं म्हणून ते तसं करत होते, हे कुणाला कळलं नाही. मग अंगठा काळा पडला. रानात काहीतरी चावलं असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. झाडपाला झाला, लेप झाले. त्यांना शेवटी दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा पावसाने वाट वाहून गेली होती, आणि दादाने त्यांना पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत नेलं होतं. पाय वाचला नाही, आबाही वाचले नाहीत. मी तेव्हा शिकत होते. दादाने ते ओझं पाठीवर वाहिलं होतं. आपल्या पायाला काय होतंय ते त्याला चांगलं समजलं होतं, म्हणून तर तो लोकांची ज्वारी बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला परभणीला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे भांडून आणलं. "रान कोन बघल?" "वहिनी बघेल." "तिला काय कळतंय?" त्यावर वहिनीने आतूनच सुनावलं, "तुमच्या पाहनीबिगर ज्वारी काय खाली पडत न्हाई. जावा."

डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणारे. त्यांनी आधी दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू टेकवली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि जरा वेळ तशीच ठेवली. मग रक्तदाबाचा पट्टा काढून घोट्याच्या वर बांधला. दादाला ते काही पटलं नाही. "साहेब, बीपी दंडाचं बघतेत," तो म्हणाला.

"पायाचंही बघतात. हातात आणि पायात फरक किती आहे ते बघायचं असतं." मग त्यांनी विचारलं, "चालताना पोटरी दुखते का?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"पहिल्या धुऱ्यापस्तोर काय न्हाई," तो हळूच म्हणाला. "तिथं पोटरी आवळून येती. चिमट्यात धरल्यावानी."

"मग काय करता?"

"मग ज्वारी बघतो."

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं. इतक्या वर्षांचं माझं कौतुक तिथे, त्या दवाखान्याच्या बाकावर, गळून पडलं. ती गाडीवाट मला धुऱ्या-धुऱ्याने दिसत गेली. प्रत्येक धुऱ्यावर कळ सोसत उभा असलेला माझा भाऊ, आणि शेजारी हसत उभी मी. तो भेटेल त्याच्या मावशीचा मोतीबिंदू का विचारायचा, तेही कळलं. कळ ओसरायला जितका वेळ लागायचा तितकं लांब बोलायचा तो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्त नेणाऱ्या नसा आतून अरुंद झाल्यात. बसलेल्या पायाला जेवढं रक्त लागतं तेवढं पोचतं, चालत्या पायाला जास्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून पोटरी ओरडते. थांबलं की मागणी कमी होते, म्हणून कळ जाते. एकच पाय गार राहणं, केस जाणं, नख न वाढणं, जखम न भरणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. दादा मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे कॅनालच्या टेलवाल्यासारखं. वरच्यांना पानी, शेवटच्याला नुस्ता कोरडा पाट." डॉक्टर पहिल्यांदा हसले. आमच्या भागात कालव्याच्या शेवटी ज्यांची रानं आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

"बिडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वढतो. कमी करतो."

"कमी नाही. बंद. तंबाखूसुद्धा. त्या बिडीनेच तुमचा कालवा बुजवलाय." मग ते माझ्याकडे वळले. "टाचेची जखम भरली तर पाय राहील. नाही भरली तर आधी बोटं जातील, आणि मग कुठपर्यंत जावं लागेल ते आज मी सांगत नाही." त्यांनी साखर, चरबी तपासायला सांगितली, गोळ्या लिहिल्या. शेक नाही, अनवाणी नाही, पाय रोज धुऊन, कोरडा करून, खालून आरसा धरून बघायचा. "आणि वडिलांनाही असंच झालं होतं म्हणता, तर घरातल्या बाकीच्यांनीही एकदा तपासून घ्या." ते शेवटचं वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तो हिवाळा दादा माझ्याकडे राहिला. नांदेडला नेऊन मांडीतल्या नसेत फुगा घालून मोठा अडथळा मोकळा केला. तरी करंगळी गेली. ती काढायचं ठरलं तेव्हा मी दवाखान्याच्या संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. एका बोटासाठी नाही. पुढे आणखी काय काय जाईल या धास्तीने. रोज पट्टी सोडली जाताना मी श्वास रोखून टाचेकडे बघायचे. लाल मांस दिसलं की जीव भांड्यात पडायचा, पांढुरकं दिसलं की जेवण जायचं नाही. दादा माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याला जखम दिसत नव्हती, माझं तोंड दिसत होतं. त्यावरूनच तो ओळखायचा आपला पाय राहणार की जाणार. म्हणून मी तोंड सरळ ठेवायला शिकले. बिडी सुटल्यामुळे तो दिवसभर चिडचिड करायचा, बडीशेप खायचा, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याशी भांडायचा.

जखम सुकली तशी डॉक्टरांनी चालायला लावलं. मांडीतली नस मोकळी झाली, पण पोटरीतल्या बारीक नसा तशाच होत्या, त्यांना चालण्यावाचून इलाज नव्हता. चालायचं, कळ येईपर्यंत चालायचं, कळ सोसवेना झाली की थांबायचं, गेली की पुन्हा निघायचं. मोठी वाट अरुंद झाली की रक्त आडवाटा शोधतं, आणि चालत राहिलं की त्या आडवाटा रुंदावतात. दादाला हा इलाजच मान्य नव्हता. "ज्यानं दुखतंय तेच कराया सांगतेत. कसला डाक्टर हाय?" पण निघायचा. पायात जाड मोजे, माझ्या मुलाचे जुने बूट, डोक्याला मफलर.

आता कॉलनीत ज्वारी कुठून आणायची? कळ आली की तो सवयीने कुणाच्या तरी फाटकासमोर उभा राहून त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघायचा. एक-दोन दिवस गेले. मग एका घरातून एक बाई बाहेर आल्या. हातात झाडू. "कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं. दादाने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. भिंतीबद्दल विचारण्यासारखं काही नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "काय न्हाई बाई. पाय दुखायलाय माझा. जरा उभं राहतो."

एवढंच. पण इतक्या वर्षांत ते त्याच्या तोंडून आपणहून पहिल्यांदा निघालं होतं, तेही एका अनोळखी बाईपुढे. बाईंनी झाडू ठेवला, प्लास्टिकची खुर्ची आणली. दादा बसला नाही. "बसायचं न्हाई म्हनतेत. उभं राहूनच घालवायची," त्याने त्यांना समजावून सांगितलं, आणि मग नसा, कालवा, टेल सगळं सांगितलं. त्या बाईंचे मालक आत पाय शेकत बसले होते म्हणे. त्यांनाही बाहेर बोलावलं. घरी येताना दादा हलका झाला होता. मीही. घरात कुणाला काही होतंय आणि सगळे मिळून ते न बघण्याची कसरत करतायत, याच्याइतकं थकवणारं दुसरं काही नसतं.

होळीच्या सुमाराला तो गावी गेला. नंतरच्या हुरड्याला मी गेले तेव्हा गाडीवाटेवर तो थांबला, पण कमी. थांबला की सरळ म्हणायचा, "थांब सुनी, कळ आली." त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. आगटीपासून आता तो हातभर लांब बसतो, मोजे घालून. मोज्यात करंगळीची जागा रिकामी दिसते, तिकडे आधी माझं लक्ष जायचं, आता जात नाही. वहिनीने ती वीट चुलीच्या बाजूला बसवून टाकली.

काल गूळ घेऊन पोचले. आज सकाळी रानात गेलो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. कणसात दाणा टच्च भरलेला. पहिला घाणा भाजून झाला, खाऊन झाला. मी चप्पल काढून, पाय आगटीकडे करून बसले होते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून हल्ली माझे पायही लवकर भरून येतात. मी नकळत पोटरी चोळत होते.

दादा कणीस खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसला. हाताची राख धोतराला पुसली.

"पाय हिकडं कर."

"कामून?"

"कर म्हनलं ना."

"दादा, तू माझ्या पायाला हात लावू नको. मोठा हायस तू." मी पाय ओढून घ्यायला लागले. वहिनी चटणी वाढता वाढता थांबली.

"गप बस," तो म्हणाला. त्याने माझे दोन्ही पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले. हाताची मागची बाजू आधी उजव्या पावलावर टेकवली, मग डाव्यावर. पुन्हा उजव्यावर. डोळे मिटलेले. मला त्याच्या कपाळावर घाम दिसला. मला त्या वेळी आबा आठवले, आणि इतक्या हिवाळ्यांत हा माणूस स्वतःच्या पायाबरोबर माझ्याही पायांची भीती मनात घेऊन चालत होता, हे समजलं.

"ऊन हायत," शेवटी तो म्हणाला. "दोनी सारखे हायत."

"उभं राहून दुखतेत रे नुस्ते," मी म्हणाले.

"तरी बी सोमवारी दाखवून घ्यायचं. मी येतो संगं."

मी मान डोलावली. त्याने पाय मांडीवरून खाली ठेवले नाहीत. मीही काढून घेतले नाहीत.